पहिल्या पानापासून वाचू नका

पत्र: मी माध्यमिक शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. भाच्याने डॅलसहून येताना आजच्या अमेरिकन कवींचा एक जाडजूड संग्रह आणला. त्यात कृष्णवर्णीय, मूळनिवासी, मेक्सिकन, व्हिएतनामी, आपल्याकडून तिकडे गेलेले असे नाना प्रकारचे कवी आहेत. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि साठाव्या पानावर अडकले. इंग्रजी शब्द कळतात, कविता कळत नाही. काही ओळी पानभर विखुरलेल्या, काहींत मध्येच स्पॅनिश, काहींत व्याकरणच चुकलेलं. संदर्भ शोधायला मोबाइल हातात घेतला की तास जातो आणि कविता तिथेच राहते. आमच्या आठ जणींच्या वाचनगटात चार महिन्यांनी यावर बोलायचं मी कबूल करून बसले आहे. वय झालं म्हणून कळत नाही, की वाचण्याची पद्धत चुकतेय?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

बाई,

वयाचा इथे काही संबंध नाही. पद्धत चुकतेय, आणि ती सुधारायला लागणारं बहुतेक सामान तुमच्याकडे आधीपासून आहे.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी अनुक्रमणिका उघडा आणि कविता कशा लावल्या आहेत ते बघा. कितीतरी अमेरिकन संग्रहांत कवी आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. १९८८ पासून वर्षानुवर्षं निघालेली 'द बेस्ट अमेरिकन पोएट्री' ही मालिका तशीच आहे: ७५ कविता, आडनावाप्रमाणे. तिथे एका कवितेशेजारी दुसरी आली याचं कारण फक्त आद्याक्षर. असा संग्रह पहिल्या पानापासून वाचणं म्हणजे हजेरीपट घेऊन वर्गाची ओळख करून घेण्यासारखं आहे. क्रम जन्मसालाचा असेल तर मागून पुढे या, कारण शेवटचे कवी आजचं इंग्रजी लिहितात आणि ते तुम्हाला सिनेमा-बातम्यांतून थोडं ओळखीचं असतं. क्रम प्रदेशाचा किंवा विषयाचा असेल तर मात्र तो मानायचा. जॉय हार्जो आणि सहसंपादकांनी २०२० मध्ये काढलेल्या मूळनिवासी कवींच्या संग्रहात १६१ कवी पाच भूप्रदेशांत लावले आहेत. तिथे एक प्रदेश धरून त्यातच महिनाभर राहिलं तर एका कवीची नदी दुसऱ्याच्या कवितेत भेटते.

तुमच्या साठ पानांचं ओझं आता उतरवून ठेवा. पहिल्या आठवड्यात एकही कविता पूर्ण वाचायची नाही. पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी बसा आणि प्रत्येक कवितेच्या पहिल्या तीन-चार ओळी वाचा. पाचव्या ओळीकडे डोळा आपणहून गेला तर समासात टिंब, नाही तर पान उलटा. कवी मोठा आहे, बक्षीस मिळालंय, 'वाचायलाच हवा' म्हणून टिंब द्यायचं नाही. दोनशे कवितांतून पंचवीस-तीस टिंबं निघाली तर पुष्कळ झालं. आठवड्याला दोन कविता धरल्या तरी चार महिन्यांत बत्तीस होतात, म्हणजे हिशोब जमतो. उरलेल्या कविता कुठे जात नाहीत. वर्षभराने हीच चाळणी पुन्हा लावलीत तर टिंबं वेगळ्याच जागी पडतील.

पुस्तकाची शेवटची पानंही वाचा. कविपरिचयाच्या शेजारी परवानग्यांची बारीक टायपातली यादी असते आणि कोणती कविता मूळ कोणत्या संग्रहातली, कोणत्या सालची, हे तिथेच कळतं. एखादा कवी आवडला की पुढचं पुस्तक मागवायचा पत्ता तोच. याच पानांमागे आणखी एक गोष्ट दडलेली असते. ज्या कवितेचे हक्क अजून संपलेले नाहीत ती छापायला बहुधा पैसे मोजावे लागतात. रीटा डव यांनी २०११ मध्ये विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेचा संग्रह केला, त्यात सिल्व्हिया प्लाथ आणि ॲलन गिन्सबर्ग हे गाजलेले कवीही नाहीत. कारण हक्कांची किंमत परवडली नाही. तेव्हा एखादं नाव संग्रहात नसलं, म्हणजे संपादकाने ते नापास केलं, असं समजू नका.

आता मुख्य अडचण: 'शब्द कळतात, कविता कळत नाही.' बाई, मोरोपंतांची आर्या शिकवताना तुम्ही मुलांकडून काय करून घेत होतात? अन्वय. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, कोणतं विशेषण कोणाला लागतं. इथेही तेच करायचं. आजची अमेरिकन कविता बहुतेक मुक्तछंदात असते आणि त्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात: ओळ आणि वाक्य. ओळ संपली की वाक्य संपलं असं आपण नकळत धरतो आणि तिथेच फसतो. वाक्य चार ओळी चालतं, कधी पूर्ण पान. म्हणून निवडलेली कविता वहीत हाताने उतरवा. पूर्णविराम शोधून प्रत्येक वाक्य आडव्या गद्यात लिहा, कर्त्याखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन. पूर्णविरामच नसतील तर जिथे श्वास थांबतो तिथे तुम्ही पेन्सिलने द्या. वीस ओळींच्या कवितेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एवढ्यावर 'दुर्बोध' वाटलेल्या निम्म्या कविता सरळ होतात.

पण इथे थांबलात तर हाती फक्त गद्य राहील. आता मूळ ओळींकडे परत जा आणि विचारा, वाक्य नेमकं इथेच का मोडलं? ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची 'वी रिअल कूल' ही १९५९ मधली आठ ओळींची कविता घ्या. शाळा सोडून बिलियर्डच्या अड्ड्यावर बसलेली सात पोरं बोलताहेत. वाक्यं तीन-तीन शब्दांची, प्रत्येकाचा कर्ता 'वी', म्हणजे 'आम्ही'. गद्यात उतरवलीत तर ती फुशारकी वाटते. पण ब्रुक्स यांनी तो 'वी' आधीच्या ओळीच्या टोकाला लटकवला आहे आणि त्याचं क्रियापद पुढच्या ओळीत ढकललंय. मोठ्याने वाचा: प्रत्येक ओळीच्या शेवटी 'आम्ही' म्हणून आवाज क्षणभर अधांतरी राहतो. तो 'वी' हळू, दबक्या आवाजात म्हणायचा, असं खुद्द ब्रुक्स यांचं म्हणणं होतं. सात ओळी अशा जातात. आठवीत ती पोरं लवकर मरणार असल्याचं येतं आणि त्या ओळीच्या टोकाला 'वी' उरलेला नाही. फुशारकीच्या खालची भीती कोणत्याही शब्दात नाही, ती ओळीच्या तुटण्यात आहे.

ही कविता जुनी असली तरी तुमच्या संग्रहाची एक किल्ली तिच्यात आहे. त्या अड्ड्याचं नाव 'गोल्डन शोव्हेल'. टेरन्स हेज यांनी २०१० मध्ये त्याच नावाची कविता लिहिली, तिच्या ओळींचे शेवटचे शब्द वरून खाली वाचले की ब्रुक्स यांची कविता निघते. पुढे तो एक रचनाप्रकारच झाला आणि कितीतरी कवी आपल्या आवडत्या ओळी असे उजव्या कडेला ओवतात. शीर्षकाखाली 'अमक्या कवीनंतर' अशा अर्थाची इंग्रजी टीप दिसली की बोट उजव्या समासावरून खाली फिरवून बघा.

रचनाप्रकारांच्या बाबतीत तुम्ही अमेरिकन वाचकाच्या एक पाऊल पुढेच आहात. तुमच्या संग्रहात गझल सापडण्याची चांगलीच शक्यता आहे. अमेरिकेत १९६८ च्या सुमारास ॲड्रिएन रिच यांच्यासारख्या कवींनी गझल नावाने सुट्या द्विपदी लिहिल्या, त्यांत रदीफ-काफिया (शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द आणि त्याआधीचं यमक) नव्हता. काश्मीरचे आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे आगा शाहिद अली यांनी हट्टाने सांगितलं की नियम पाळले नाहीत तर ती गझल नाही, आणि २००० मध्ये इंग्रजी गझलांचा एक संग्रहच काढला. सुरेश भट वाचलेल्या माणसाला मतला आणि मक्ता (पहिला आणि शेवटचा शेर) शिकवावा लागत नाही. शेर सुटे असतात, एकातून दुसऱ्याची गोष्ट पुढे जात नाही, हेही सांगावं लागत नाही. तिकडच्या विद्यार्थ्याला नेमकं तेच अवघड जातं. जेरिको ब्राउन यांचा 'ड्यूप्लेक्स' दिसला तर थांबाच. चौदा ओळी सुनीताच्या, दोन-दोन ओळींचे जोड गझलेसारखे, आणि ओळ थोडी बदलून पुन्हा म्हणण्याची लकब कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गाण्यांतली. एका जोडाची दुसरी ओळ पुढच्या जोडाच्या आरंभी किंचित बदलून येते आणि शेवटी पहिली ओळ परत येते. फक्त बदललेले शब्द अधोरेखित करा, कविता त्या बदलांत पुढे सरकते.

पानभर विखुरलेल्या ओळींची भीती बाळगू नका. मोकळी जागा म्हणजे विराम, जागा मोठी तर विराम मोठा, एवढं धरून मोठ्याने वाचा. दोन रकाने शेजारी-शेजारी असतील तर आधी डावा वरून खाली, मग उजवा, मग दोन्ही मिळून आडवे: एका पानावर तीन कविता असतात. टाइहिम्बा जेस यांच्या कवितांत हे फार ताकदीने येतं आणि गटात दोन आवाजांत वाचायला त्या उत्तम. एक सावधगिरी: हा संग्रह गटातल्या कोणी मोबाइलवर किंवा किंडलवर वाचणार असेल तर लांब ओळ पडद्यात मावत नाही आणि यंत्र ती आपल्या मनाने मोडतं. मोडलेला तुकडा थोडा आत सरकलेला दिसला तर बहुधा तो मागच्या ओळीचाच भाग. अक्षर बारीक करा, मोबाइल आडवा धरा. नाही तर कवीने न मोडलेल्या ओळींवर तुमचा अर्धा तास चर्चेत जाईल.

'व्याकरण चुकलेलं' हा शब्द मात्र कृपा करून मागे घ्या. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीला स्वतःचं व्याकरण आहे. 'शी बी वर्किंग' यात 'इज'च्या जागी चुकून 'बी' आलेला नाही. 'शी वर्किंग' म्हणजे ती आत्ता काम करतेय, 'शी बी वर्किंग' म्हणजे ती काम करत असते, नेहमीच. 'करतेय' आणि 'करत असते' हा फरक आपल्या मराठीतही आहे. बहिणाबाईंची बोली आपण शुद्ध करून वाचत नाही, हेही तसंच वाचायचं. जिथे 'चूक' दिसेल तिथे पेन्सिलने विचारा, याने काळात किंवा आवाजात काय फरक पडला?

स्पॅनिश शब्दांचं वेगळं आहे. कवीला ते इंग्रजीत सांगता आले असते, त्याने सांगितले नाहीत. घरात दोन भाषा बोलणाऱ्याच्या तोंडी ते तसेच येतात. पहिल्या वाचनात न अडखळता पुढे जा, कारण बाहेरचा वाचक क्षणभर उंबऱ्यावर थांबावा ही त्यातली योजनाही असू शकते. दुसऱ्या वाचनानंतर अर्थ बघा आणि समासात लिहा.

मोबाइलचा तास वाचवायला एक नियम घालून घ्या. तीन वाचनं होईपर्यंत मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिलं मनात, दुसरं मोठ्याने, तिसरं अन्वय लावून. नंतर फक्त विशेषनामं आणि तारखा शोधायच्या, कवितेचा 'अर्थ' शोधायचा नाही. एका कवितेला तीन शोध, दहा मिनिटं. त्यानंतर कवीच्या आवाजातलं वाचन मिळालं तर ऐका. शिकागोच्या 'पोएट्री' मासिकाचे १९१२ पासूनचे अंक पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ध्वनिफितीही बऱ्याच आहेत. आधी ऐकू नका, नाही तर स्वतःचा आवाज त्या कवितेला कधी लागणारच नाही.

लेली लाँग सोल्जर यांची '३८' संग्रहात असेल तर ती बत्तीस कवितांत नक्की घ्या. नसेल तर शोधून घ्या. त्या ओग्लाला लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या आहेत आणि ही कविता त्यांच्या २०१७ च्या संग्रहातली. तिला संदर्भ शोधावा लागत नाही, कारण संदर्भ सांगणं हीच ती कविता. २६ डिसेंबर १८६२ रोजी मिनेसोटातल्या मँकाटो गावी, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या आदेशाने, अडतीस डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. त्याच आठवड्यात लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. सरकारने करार करून डाकोटांच्या जमिनी घेतल्या होत्या, ठरलेले पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारी नाकारली, लोक उपाशी मरू लागले आणि उठाव झाला. भूक लागली तर गवत खा, असं म्हणणारा एक व्यापारी मेलेला सापडला तेव्हा त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं होतं. हे सगळं ती सपाट, नीट, शाळेच्या निबंधासारख्या वाक्यांत सांगते. सुरुवातीलाच बजावते की इथे वाक्याचा मान राखला जाईल. 'सेंटेन्स' म्हणजे वाक्य, आणि 'सेंटेन्स' म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षाही. मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे आपल्याला ही मेख शोधावी लागते, पण एकदा दिसली की प्रत्येक पूर्णविराम कानाला वेगळा लागतो. तोंडात गवत कोंबण्याच्या त्या कृतीला कवयित्री कविता म्हणते. शेवटाकडे सरळ वाक्यं सुटतात, शब्द पानावर लोंबकळू लागतात, आणि ते का, हे तोवर तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

अशा कवितेनंतर एक सवय लागते, तिच्यापासून जपा: कवीला त्याच्या समाजाचा साक्षीदार म्हणून उभं करायचं आणि कवितेतून माहिती काढून घ्यायची. संग्रह 'वैविध्याचा' असला की हे हमखास होतं. व्हिएतनामी कवी म्हणजे युद्ध, मेक्सिकन म्हणजे सरहद्द. मग त्याच कवीची आईच्या हातांवरची किंवा कुत्र्यावरची कविता आपण पान उलटून टाकतो. टिंबं लावताना हे बघा. शिवाय कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं धरू नका. दुसऱ्याच्या तोंडून बोलणं तिकडच्या कवितेत सर्रास चालतं.

मराठी वाचकाला एक खरा दुवा आहे तो सांगायलाच हवा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. ढसाळांची 'गोलपिठा' पचवलेल्या वाचकाला संग्रहातल्या कृष्णवर्णीय कवींचा संताप किंवा शिवी बिचकवणार नाही. पण दोन्हींचा इतिहास एक नाही. दुवा कान तयार करायला वापरा, अर्थ लावायला नको.

गटासाठी आता. चार महिन्यांनी एकदाच 'संग्रहावर बोलण्यापेक्षा' दर महिन्याला एक बैठक घ्या, दीड तास, तीनच कविता. प्रत्येकीच्या हातात कागदावर छापलेली कविता हवी, मोबाइलवर नको. प्रत्येक कविता दोन वेगवेगळ्या आवाजांत वाचून घ्या आणि मग पहिला प्रश्न 'अर्थ काय?' असा न विचारता 'कुठल्या ओळीपाशी थांबलात?' असा विचारा. अर्थ विचारला की सगळ्या गप्प होतात आणि बाईंकडे बघतात. तुम्ही बोललात की चर्चा संपली. ओळ मात्र प्रत्येकीला दाखवता येते.

एका बैठकीत सहा-आठ ओळींचं मराठी करून बघा, छापण्यासाठी नव्हे (त्याला परवानगी लागते), वाचण्यासाठी. दुसऱ्याच मिनिटाला अडाल. इंग्रजीतला 'यू' मराठीत तू की तुम्ही? 'आय वेंट' म्हणजे गेलो की गेले? इंग्रजी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग लपवू शकतं, मराठीत ते पहिल्याच क्रियापदाला उघडं पडतं. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणारे डेनेझ स्मिथ यांच्यासारखे कवी स्वतःसाठी 'दे' हे सर्वनाम वापरतात. त्याचं 'ते' केलंत तर वाचणाऱ्याला आदरार्थी पुरुष दिसतो. यातून सुटायला 'माझं जाणं झालं' असं काही शोधू लागलात की कवितेत कोण बोलतंय याचा विचार आपोआप सुरू होतो. आठ जणींची आठ भाषांतरं शेजारी ठेवा आणि जिथे ती वेगळी पडतात तिथेच मूळ ओळ पुन्हा वाचा.

पहिल्या बैठकीला '३८' नेऊ नका. ती लांब आहे, जड आहे आणि तिच्यानंतर दुसरं काही वाचवत नाही. आधी 'वी रिअल कूल' न्या, आठ ओळी, सगळ्यांना पाठ होतील. मग संग्रहातली एखादी गझल, जिथे तुमच्या गटाला शिकवायची गरज पडणार नाही, आणि तिसरी तुमच्या टिंबांतली कोणतीही. '३८' तिसऱ्या महिन्यात, एकटीच. त्या दिवशी वाक्यं वाटून घ्या, एकीने एक वाक्य, वर्तुळात बसून, शेवटपर्यंत. मध्ये कोणी बोलायचं नाही.